अंगठ्याची नाडी



कार्यवाहांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी ‘अवकल भूमिती’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “डॉक्टर, फळा लागेल का?” मी म्हणालो, “फळा नको, एकही सूत्र लिहिणार नाही.” तेवढ्या हमीवर मला हे व्यासपीठ मिळाले आहे. कॉलेजात ज्याला डिफरन्शियल जॉमेट्री म्हणतात तो हा विषय. वाकलेल्या रेषा, वाकलेली पृष्ठे आणि त्याहून पुढच्या वाकलेल्या अवकाशांचा अभ्यास त्यात होतो. मी गणिताचा प्राध्यापक नाही. पन्नाशीनंतर हौसेने शिकायला बसलेला विद्यार्थी आहे. तेव्हा काही चुकले तर ते माझे, विषयाचे नव्हे.

सुरुवात दवाखान्यातूनच करतो. काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोर मलूल पडले होते, अंग भाजत होते. मी विचारले, “कालच का नाही आणलंत?” आजी म्हणाल्या, “ताप कुठं होता डॉक्टर? नवीन यंत्र आणलंय, त्यात साडेएकोणचाळीसच दाखवतंय की. आमच्या जुन्यात अठ्ठ्याण्णवच्या वर गेलं तर ताप म्हणायचं.” नवे थर्मामीटर सेल्सिअसमध्ये मोजत होते. साडेएकोणचाळीस सेल्सिअस म्हणजे एकशे तीन फॅरनहाइट. पोराला लगेच मोठ्या इस्पितळात पाठवले. ते बरे झाले, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते. आजींचे वाचन बरोबर होते आणि यंत्रही बरोबर होते. कमी होता तो एकच दुवा : या आकड्यावरून त्या आकड्यावर कसे जायचे तो नियम. त्या नियमावाचून साडेएकोणचाळीस हा आकडा तापाविषयी काहीच सांगत नव्हता.

आजचे सारे व्याख्यान या एका गोष्टीचा विस्तार आहे.

शाळेत आपण निर्देशक भूमिती शिकलो. कागदावर दोन अक्ष काढायचे आणि प्रत्येक बिंदूला दोन आकडे द्यायचे. सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा यांनी ही युक्ती रूढ केली आणि भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सुटू लागले. पण अक्ष कुठे काढायचे हे कागद सांगत नाही, आपण ठरवतो. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावर तिचे अक्षांश-रेखांश पाहा आणि मग तिच्या दारात उभे राहून मोबाइलवर पाहा. काही सेकंदांचा फरक दिसेल. बस्ती आठशे वर्षे जागची हललेली नाही. हलले आहेत ते मोजणारे. जुनी मोजणी मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथील ठाणे धरून, एव्हरेस्ट यांनी १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर केलेली. त्यात विषुववृत्ताची त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर धरली आहे. मोबाइल जो आकार धरतो त्यात ती ६३,७८,१३७ मीटर आहे. दोन्ही नकाशे आपापल्या जागी उपयोगी आहेत, मात्र एकाचे आकडे दुसऱ्यात घालताना रूपांतराचा नियम लावावाच लागतो.

आता प्रश्न असा : आकडे आपण लावलेले, मग वस्तूचे स्वतःचे काय? या प्रश्नाला पहिले खणखणीत उत्तर कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी दिले. गाउस हे नुसते टेबलाशी बसणारे गणिती नव्हते. १८२० नंतरची काही वर्षे ते हॅनोव्हर राज्याची जमीन मोजत होते. टेकड्यांवरून दुर्बिणी लावून त्रिकोण साखळीने जोडायचे, असे ते काम. ऑक्टोबर १८२७ मध्ये त्यांनी वक्र पृष्ठांवरचा आपला लॅटिन निबंध सादर केला.

त्यातली अडचण मी रेखांशांच्या उदाहरणाने सांगतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्या बेळगावच्या अक्षांशावर तोच अंश सुमारे १०७ किलोमीटर भरतो, साठाव्या अक्षांशावर सुमारे ५६ आणि ध्रुवावर शून्य. म्हणजे आकड्यांतला फरक आणि जमिनीवरचे अंतर यांचे प्रमाण जागोजागी बदलते. गाउस यांनी प्रत्येक जागी हे प्रमाण सांगणाऱ्या तीन राशी घेतल्या आणि दीर्घ आकडेमोड करून दाखवले की पृष्ठाची वक्रता या तीन राशींवरून आणि त्यांच्या बदलांवरून पूर्णपणे काढता येते. पृष्ठ बाहेरून पाहण्याची गरज नाही. पृष्ठावरच राहणाऱ्या मुंगीलाही, नुसती अंतरे मोजून, आपले जग वाकलेले आहे की नाही हे कळू शकते. या प्रमेयाला त्यांनी स्वतःच ‘विलक्षण’ असे विशेषण दिले.

गाउस यांची वक्रता म्हणजे डोळ्यांना दिसणारा गोलवा नव्हे. शेंगदाण्याची पुडी डोळ्यांना गोल दिसते, पण सपाट कागद न ताणता, न फाडता गुंडाळूनच ती झाली आहे. कागदावरच्या दोन ठिपक्यांमधले अंतर, कागदावरून मोजले तर, पुडी झाल्यावरही तेवढेच राहते. म्हणून गाउस यांच्या हिशेबात पुडीची वक्रता शून्य. उलट संत्र्याचे साल पाटावर सपाट करू गेलात तर ते फाटणारच. त्याची वक्रता त्याच्या अंगची आहे. पृथ्वीचा एकही सपाट नकाशा सगळी अंतरे खरी दाखवू शकत नाही, त्याचे कारणही हेच.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. गाउस यांनी जे सिद्ध केले ते निर्देशकांवर अवलंबून नसलेले सत्य आहे. ते सिद्ध केले मात्र निर्देशकांतच, पानेच्या पाने आकडेमोड करून. मग तेच सत्य निर्देशकांशिवाय थेट दाखवता येईल का? येते. मनातल्या मनात उत्तर ध्रुवावर उभे राहा. हातात एक बाण धरा, तो नाकासमोर रोखलेला. आता पृथ्वीच्या परिघाच्या चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे सुमारे दहा हजार किलोमीटर, सरळ चाला. थांबून डावीकडे काटकोनात वळा, पण बाण वळवू नका. पुन्हा तेवढेच चाला, पुन्हा डावीकडे वळा, पुन्हा तेवढेच चाला. तुम्ही निघालेल्या जागी परत आलात. त्रिकोण पूर्ण झाला आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन आहेत. शाळेत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश शिकवली, इथे २७० भरली. आणि हातातला बाण, जो वाटेत एकदाही वळवला नाही, तो निघतानाच्या दिशेपासून ९० अंश फिरलेला आहे. हे जास्तीचे ९० अंश योग्य एककात घेऊन त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने भागा. पृथ्वीची वक्रता हाती येते. या साऱ्या सांगण्यात मी अक्षांश घेतले नाहीत, रेखांश घेतले नाहीत, मूळबिंदूही ठरवला नाही. बाण न वळवता वाहून नेण्याची ही कल्पना इटलीचे लेव्ही-चिविता यांनी १९१७ मध्ये नीट मांडली.

हे दोन मार्ग म्हणजे गणित्यांचे दोन संप्रदाय, असे पुष्कळदा सांगितले जाते. एक आकडेमोड करणारा, दुसरा आकड्यांचा विटाळ मानणारा. इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. १० जून १८५४ रोजी ग्यॉटिंगेनला बर्नहार्ड रीमान यांनी भूमितीच्या पायाभूत कल्पनांवर व्याख्यान दिले. समोर तत्त्वज्ञान विद्याशाखेचे अध्यापक बसले होते, सगळे गणिती नव्हते. म्हणून रीमान यांनी सूत्रे जवळजवळ वगळली आणि कितीही परिमाणांच्या वाकलेल्या अवकाशाची कल्पना शब्दांत उभी केली. सूत्रांवाचून गणित सांगण्याचे धाडस मी आज करतो आहे, त्याला एवढा आधार पुरे. याच रीमान यांनी १८६१ मध्ये पॅरिसच्या अकादमीकडे उष्णतेच्या वहनावर निबंध पाठवला. त्यात अक्षरांच्या पायाशी अक्षरे चिकटवलेली दाट आकडेमोड आहे आणि वक्रतेचे पूर्ण गणित तिथेच उतरले आहे. त्या निबंधाला बक्षीस मिळाले नाही. माणूस एकच, विषयही एकच. श्रोत्यांना अर्थ सांगायचा तेव्हा शब्द, आणि प्रश्न सोडवायचा तेव्हा निर्देशक.

आता आजच्या व्याख्यानाच्या नावाकडे येतो. वैद्यकीच्या पहिल्या वर्गात शिकवतात की नाडी अंगठ्याने पाहू नये. अंगठ्याला स्वतःची ठळक नाडी असते आणि रोग्याची म्हणून आपण आपलीच मोजून बसतो. निर्देशकांनाही अशी स्वतःची नाडी असते. सपाट मैदानात एक खुंटी ठोका आणि तिच्यापाशी उभे राहा. मैदानाच्या कडेने एक माणूस नाकासमोर, एकाच वेगाने चालतो आहे. तुम्ही तो किती दूर आणि कोणत्या दिशेला एवढेच लिहीत जा. तुमच्या वहीत अंतर आधी घटते, मग वाढते. दिशा आधी हळू, मग भराभर, मग पुन्हा हळू बदलते. वही वाचणाऱ्याला वाटेल की माणूस वळतो आहे, थबकतो आहे. वळणे सगळी वहीतली आहेत. ही खुंटीची करामत हिशेबातून वजा करण्यासाठी काही राशी लागतात. त्या १८६९ मध्ये क्रिस्टोफेल यांनी मांडल्या आणि आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

मैदान सपाट असेल तर चौकटीचे निर्देशक घेतले की या राशी एकदम नाहीशा होतात. म्हणजे ती अंगठ्याची नाडी होती. पृथ्वीसारख्या गोलावर मात्र कोणतेही निर्देशक घ्या, एका जागी त्या घालवता येतील, सगळीकडे घालवता येत नाहीत. एवढे करून जे उरते ती वक्रता, ती रोग्याची नाडी. रिची आणि लेव्ही-चिविता या गुरुशिष्यांनी १९०० च्या सुमारास असे गणित सिद्ध करून दिले की ज्यातले प्रत्येक समीकरण निर्देशक बदलले तरी खरेच राहते. आज त्याला टेन्सरांचे गणित म्हणतात. पुढे फ्रान्सचे एली कार्तां यांनी अक्षरांच्या या गर्दीला कंटाळून अर्थ लख्ख दिसावा अशी वेगळी मांडणी केली. आजची निर्देशकमुक्त भाषा बरीचशी त्यांच्याकडून आली आहे.

तुम्ही म्हणाल, अंगठ्याची नाडी मोजली गेली तर बिघडते काय? बिघडते ते मोठमोठ्यांचे बिघडले आहे. आइनस्टाइन यांच्या हाती रीमान यांची भूमिती १९१२-१३ पासून होती, तरी गुरुत्वाकर्षणाची समीकरणे पुरी व्हायला नोव्हेंबर १९१५ उजाडला. निर्देशकांच्या आकड्यांना स्वतःचा काही अर्थ असलाच पाहिजे, ही समजूत सुटायला वेळ लागला, असे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१६ मध्ये कार्ल श्वार्त्झशिल्ड यांनी एकाकी ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे अचूक उत्तर काढले. त्या उत्तरात एका ठरावीक अंतरावर एक राशी अनंत होते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हे अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. अनंत म्हटले की सगळे बिचकले. तिथे अवकाशच फाटते की काय, तिथे जाण्याला काही अर्थ आहे की नाही, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली. १९३३ मध्ये लमेत्र यांनी दाखवले की दोष निर्देशकांचा आहे, जागेचा नाही. १९६० मध्ये क्रुस्कल आणि सेकेरेश यांनी वेगवेगळे असे निर्देशक दिले की ती सीमा त्यांतून बिनतक्रार ओलांडता येते. उत्तर ध्रुवावर तुमचा रेखांश किती, याला उत्तर नाही. म्हणून काही तिथल्या बर्फाला भोक पडलेले नसते. तसेच हे. केंद्राशी मात्र तक्रार खरी आहे. कोणतेही निर्देशक घ्या, तिथे वक्रता अनंत होत जाते. ज्याला आपण कृष्णविवर म्हणतो त्याची समज या निवाड्यानंतरच नीट वाढली. कोणता अनंत अंगठ्याचा आणि कोणता रोग्याचा, एवढा निवाडा व्हायला जगातल्या उत्तम डोक्यांना चाळीसहून अधिक वर्षे लागली.

हा निवाडा करतात कसा? अशा राशी शोधायच्या की ज्यांचे मूल्य निर्देशक कसेही बदलले तरी बदलत नाही. इथे आपल्या शेजारचे एक नाव आदराने घेतले पाहिजे. कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील, बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. त्यांनी करमरकर यांच्याबरोबर १९४० च्या दशकाच्या अखेरीस नेमक्या याच प्रश्नावर काम केले. चार परिमाणांच्या अवकाशकाळाची वक्रता सांगायला एकेका बिंदूशी वीस आकडे लागतात. त्यांतून निर्देशकांवर अवलंबून नसलेल्या स्वतंत्र अशा चौदा राशी मिळतात. त्या चौदा राशींचा संच या दोघांनी मांडून दिला. आजही त्या विषयाच्या अभ्यासात त्यांच्या कामाचा उल्लेख होतो.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की निर्देशक म्हणजे भ्रम आणि निर्देशकमुक्त ते ज्ञान. मीही तसाच फसलो होतो. शिकायला बसलो तेव्हा सर्वांत नवे पुस्तक घेतले. त्यात सगळ्या व्याख्या निर्देशकांवाचून दिलेल्या, एकेक ओळ कोरीव. दोन पावसाळे मी त्या व्याख्या पाठ केल्या. मग एके रात्री मनात आले, निदान साध्या गोलाची वक्रता स्वतः काढून पाहू. काढता येईना. ज्या गोष्टीची व्याख्या तोंडपाठ ती हाताने मोजता येत नव्हती. मुकाट्याने जुने पुस्तक उघडले, अक्षांश-रेखांश घेतले आणि केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूंवर क्रिस्टोफेल यांच्या राशी एकेक करून काढत गेलो. चिन्हांच्या चुका झाल्या, खोडल्या, पुन्हा काढले. चौथ्या रात्री खोडाखोडीतून अक्षांश आणि रेखांश दोन्ही गळून गेले आणि उत्तरात एकटी त्रिज्या उरली. त्या क्षणी मला त्या कोरीव व्याख्या कळल्या.

चांगले निर्देशक निवडणे ही तर स्वतंत्र प्रतिभा आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती गणिती १९४२ मध्ये बनारसला नारळीकरांकडे काम करत होते. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर त्यांनी काढले. पुढे १९५० च्या दशकात काळाचा निर्देशक वेगळा घेऊन त्यांनी तेच उत्तर इतके सुटसुटीत मांडले की आज ते त्या रूपातच सर्वत्र वापरतात. वस्तू तीच, पण योग्य बाजूने धरली.

मी जैन घरात वाढलो. लहानपणापासून दोन नय कानावर पडलेले आहेत, व्यवहारनय आणि निश्चयनय. कुंदकुंदाचार्यांनी समयसारात व्यवहाराची बाजू घेताना परभाषिकाचा दाखला दिला आहे. ज्याला आपली भाषा येत नाही त्याला त्याच्या भाषेतच समजावावे लागते, तशी परमार्थाला व्यवहाराची गरज. निर्देशकांचे स्थान मला असेच वाटते. पण मी इथे लगेच हात आखडता घेतो. आचार्य आत्म्याविषयी बोलत होते, पृष्ठांविषयी नव्हे. आमच्या पूर्वजांना हे सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही.

उलट भूमितीने मला माझ्याच घरच्या शिकवणीतली एक सवलत सोडायला लावली. अनेकांताचे नाव घेऊन आपण पुष्कळदा म्हणतो, ‘ज्याचे त्याचे त्याच्या परीने बरोबर.’ म्हणायला सोपे आणि भांडण टळते. पण आजी आणि ते थर्मामीटर आठवा. तिथेही ज्याचे त्याचे त्याच्या परीने बरोबरच होते आणि पोर तापाने फणफणत होते. भूमिती म्हणते, तुझ्या जागेवरून तुला हा आकडा दिसतो ना, ठीक. आता तुझ्या जागेवरून माझ्या जागेवर येण्याचा नियम दे. त्या नियमाने तुझा आकडा माझ्या आकड्यात बदलला आणि आपल्या दोघांच्या हिशेबात काहीतरी तेच राहिले, तर ते वस्तूविषयी आहे. न राहिले तर ते तुझ्या किंवा माझ्या अंगठ्याविषयी आहे. निर्देशकमुक्त होणे म्हणजे निर्देशक टाकून देणे नव्हे. कोणत्याही निर्देशकातून दुसऱ्यात जाण्याची तयारी ठेवणे, आणि जाताना काय टिकले त्याची नोंद करणे.

आपण या गावात घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलत मोठे झालो. दोन भाषांमध्ये रूपांतराचा अचूक नियम नसतो, एवढा फरक भूमिती आणि जीवन यांत राहणारच. तरी माझ्यासमोर एखादा रोगी कानडीत दुखणे सांगतो, मी मराठीत विचार करतो आणि इंग्रजीत टिपून घेतो, तेव्हा त्याच्या दुखण्यातले काय टिकले आणि माझ्या वहीचे काय मिसळले, हे तपासण्याची सवय मला या विषयाने लावली. दवाखान्यात चाळीस वर्षे काढूनही ती पुरेशी लागली नव्हती. म्हणून उतारवयात गणित शिकल्याचा मला पस्तावा नाही.